मस्कतच्या तबकड्या आणि आपले आवाज

आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात पाच सीडी तबकड्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर आमच्याच हस्ताक्षरात "अलिबाग, कीर्तन व मेंदी, १९७८" असे लिहिलेले आहे. या तबकड्या आम्ही २००१ साली मस्कतच्या बिऱ्हाडी, घरच्या कॉम्प्युटरवर भरल्या. एकूण आठ भरल्या होत्या व त्या आठ घरी गेल्या. पाच परत मिळाल्या, आणि त्या पाचांतली आज एकच धडपणे वाजते. ही हकीगत येथे सांगण्याचे कारण असे की वाचकांपैकी पुष्कळांच्या कपाटात अशा तबकड्या वा कॅसेटी पडून असतील, आणि आमच्या हातून झालेली चूक त्यांच्या हातून होऊ नये. परंतु ती चूक समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

मुंबई आणि मस्कत यांचा संबंध पुराणा आहे. मत्राच्या बाजारात कच्छी भाटियांच्या पेढ्या पिढ्यान्पिढ्या चालत आल्या आहेत. १९७० पर्यंत तेथे आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपयाच चालत असे. आजही ओमानी रियालाच्या हजाराव्या भागाला 'बैसा' म्हणतात, तो आपला पैसाच होय. मुंबईहून निघालेल्या इंडियन नेव्हीच्या लेफ्टनंट वेलस्टेडने १८३५ साली ओमानचा प्रवास केला. मस्कतमध्ये थोडे यहुदी राहतात, व त्यांतले बहुतेक बगदादच्या दाऊद पाशाच्या जुलमाला कंटाळून १८२८ साली आले, असे त्याने आपल्या १८३८च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. याच पाशाच्या जाचामुळे डेव्हिड ससून बगदाद सोडून पुढे मुंबईस आले, हे वाचकांना ठाऊकच आहे. मस्कतच्या त्या यहुद्यांची प्रार्थना कोणत्या चालीवर होती, त्यांच्या बायका लग्नात काय गात, हे मात्र ग्रंथातल्या दोनचार ओळींवरून कळत नाही. लिहिलेले टिकते, आवाज माणसाबरोबर जातो. निदान तोवर जात असे.

आवाज तबकडीवर धरून ठेवण्याची कला हिंदुस्थानात १९०२ साली आली. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने त्या वर्षी कलकत्त्यास गौहर जानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या प्रथम जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत; १९०८पासून कलकत्त्यातच छापू लागल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. पुढे मुंबई हे ध्वनिमुद्रणाचे मोठे ठिकाण झाले, आणि अरबी समुद्रापलीकडचे गवईही येथे येऊ लागले.

त्यांपैकी एक होता ओमानच्या सूर बंदरचा सालिम राशिद सूरी. हा खलाशी. ऊद वाजवून 'सौत' नावाच्या आखाती चालीची गाणी म्हणे. घरच्यांना त्याचे गाणे पसंत नव्हते, म्हणून तो गलबतावर चढला आणि फिरत फिरत मुंबईस येऊन राहिला. तेथे अरब व्यापाऱ्यांसाठी दलालीचे व दुभाषाचे काम करी. १९३०च्या दशकात त्याच्या गाण्यांच्या तबकड्या मुंबईत हिज मास्टर्स व्हॉइसने काढल्या. त्याच्या गाण्यांत अरबीबरोबर उर्दूही येई. पुढे बहारीनला जाऊन त्याने स्वतःची 'सालिमफोन' नावाची तबकड्यांची कंपनी काढली. १९७०नंतर तो मायदेशी परतला, तेथे त्याचा मान झाला, आणि १९७९ साली तो वारला. 'गाणारा खलाशी' म्हणून ओमानात त्याचे नाव आजही घेतात. मुंबईत तबकडी निघाली नसती तर सूरच्या त्या खलाशाचा आवाज समुद्रावरच विरून गेला असता.

याच्या उलट उदाहरण आपल्याच समाजातले आहे. 'आलम आरा' हा हिंदुस्थानातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. तो ज्या नाटकावरून घेतला ते नाटक आपल्या जोसेफ डेव्हिड पेणकरांचे. बोलपटात सात गाणी होती. त्यांच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या नाहीत, आणि बोलपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही. ज्या गाण्यांनी गिरगावात गर्दी लोटली, ती आज जगात कोणालाही ऐकता येत नाहीत. ओमानच्या एका खलाशाचे गाणे राहिले आणि आपल्या नाटककाराच्या बोलपटाचे गेले. गुणांत कमीअधिक होते म्हणून असे झाले नाही. एकाची नक्कल निघाली व दुसऱ्याची निघाली नाही, एवढेच.

तबकडी कंपनीने काढायची व आपण विकत घ्यायची, हा क्रम कॅसेटने मोडला. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली बाजारात आणली. आता ज्याच्याकडे टेपरेकॉर्डर त्याच्या हाती कारखाना आला. आपल्याकडे मात्र टेपरेकॉर्डर घरोघरी पोहोचला तो आखातामुळे. सुलतान काबूस २३ जुलै १९७० रोजी गादीवर आले, तेव्हा साऱ्या ओमानात तीन शाळा आणि अवघा दहा किलोमीटर डांबरी रस्ता होता, असे सांगतात. त्याच महिन्याच्या अखेरीस मस्कतचा रेडिओ सुरू झाला. मग रस्ते, बंदर, दवाखाने, शाळा यांची कामे निघाली व हिंदुस्थानातून माणसे जाऊ लागली. रजेवर येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात टू-इन-वन असायचाच. कोकणातल्या कित्येक घरांत पहिले यंत्र असे आले.

आमच्या घरातही तो असाच आला, आणि १९७८च्या मे महिन्यात अलिबागला आमच्या आत्याच्या लग्नात कोणीतरी तो चालू करून ठेवला. नव्वद मिनिटांची कॅसेट, दोन बाजू पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या. पहिल्या बाजूवर योसेफाच्या आख्यानाचे कीर्तन. १८८०च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर व त्यांच्या सोबत्यांनी आपल्या समाजात कीर्तन रुजवले. शास्त्रातली कथा, पण साकी, दिंडी, आर्या आणि ओवी मराठी, हा त्याचा थाट आपणांस सांगायला नको. दुसऱ्या बाजूवर मेंदीच्या रात्रीची बायकांची गाणी, आणि मध्ये मध्ये आमच्या आजीचे बोलणे.

ही कॅसेट घेऊन आम्ही १९९३ साली नोकरीनिमित्त मस्कतला गेलो. तेथे रुवीच्या दुकानांतून कॅसेटींच्या भिंतीच्या भिंती रचलेल्या असत. हिंदी, मल्याळी, अरबी, हवे ते मिळे; त्यातली बरीचशी चोरीची नक्कल असे. २००० साली ओमान जागतिक व्यापार संघटनेत गेला, लेखनाधिकाराचा नवा कायदा त्याच साली झाला, आणि तो उघडा धंदा हळूहळू आवरला. आमच्या कॅसेटवर कोणा कंपनीचा हक्क नव्हता. हक्क असलाच तर त्या गाणाऱ्या बायकांचा.

आता तबकडीचे नवे रूप पाहू. सीडी फिलिप्स आणि जपानची सोनी यांनी मिळून १९८२ साली बाजारात आणली. तिच्यात आवाज आकड्यांच्या रूपाने ठेवतात. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची मोजणी होते, डाव्या व उजव्या बाजूची वेगवेगळी. पाच मिनिटांच्या गाण्याला पाच कोटींहून अधिक बाइट जागा लागते. एका तबकडीवर ७४ मिनिटे मावत, पुढे ८० मिनिटांच्याही निघाल्या. ग्रामोफोनची सुई बाहेरून आत येते. सीडीचा किरण आतून बाहेर जातो.

घरच्या कॉम्प्युटरात इतकी जागा त्या काळी कोठली? यावर जर्मनीत एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोड काढली. तिला १९९५पासून 'एमपी३' हे नाव मिळाले. युक्ती माणसाच्या कानावर आधारलेली आहे. लग्नघरात ढोलकीवर जोराची थाप पडली की त्याच क्षणी शेजारी किणकिणलेली बांगडी आपल्याला ऐकू येत नाही. मग ती बांगडी लिहून ठेवायचीच कशाला? असे जे जे कानाला कळणार नाही ते गाळायचे, आणि उरलेले थोडक्यात मांडायचे. सर्रास वापरात असलेल्या १२८ किलोबिटच्या मापाने गाणे मूळच्या अकराव्या हिश्शात बसे. ज्या तबकडीवर ७४ मिनिटे मावत तिच्यावर अशी गाणी साडेअकरा तासांची मावू लागली.

पण अडचण अशी की जुन्या सीडी प्लेअरला एमपी३ समजत नाही. त्याला सीडीची ती मूळची मोजणीच लागते. म्हणून आटवलेले गाणे पुन्हा फुगवून, पूर्ण आकाराचे करून, तबकडीवर भरावे लागे. दुधाच्या भुकटीत पाणी घालावे तसे हे. पेला पूर्ण भरतो, पण त्यावर साय धरत नाही. गाळलेली बांगडी परत येत नाही.

कोऱ्या तबकडीत पारदर्शक प्लास्टिकवर रंगाचा एक पातळ थर असतो, त्यावर चांदीसारखा चकाकणारा थर. लेसरचा किरण रंगाला ठिकठिकाणी भाजतो. भाजलेला ठिपका व न भाजलेली जागा यांतून आकडे लिहिले जातात. म्हणूनच इंग्रजीत या कामाला 'जाळणे' म्हणतात. आम्ही आपले 'सीडी मारणे' म्हणत असू. त्यासाठी जो जर्मन प्रोग्राम सर्वत्र चाले त्याचे नाव होते 'नीरो बर्निंग रॉम', म्हणजे रोम जाळणाऱ्या नीरोवर केलेला विनोद. ज्या नीरोने यहूदातले बंड मोडण्यास वेस्पेशियनला धाडले, त्याच्याच नावाने आम्ही योसेफाचे आख्यान तबकडीवर चढवीत होतो!

आमच्या कुरमच्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात हे काम आठवडाभर चालले. टेपरेकॉर्डरच्या इयरफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या मागे लावली आणि कॅसेट सबंध वाजवली; नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटे द्यावीच लागतात. सव्वापंच्याण्णव कोटी बाइटांची फाइल झाली. कॉम्प्युटरची डिस्क जवळजवळ भरली, म्हणून तिचे एमपी३ करून घेतले आणि मूळ मोठी फाइल पुसून टाकली. ही पहिली चूक.

मग तबकडी. आमचा रायटर चौपट वेगाचा, एका तबकडीला वीसएक मिनिटे घेई. तेवढा वेळ कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही, कारण त्याला आकडे पुरवायला क्षणभर उशीर झाला तर लेसर थांबे आणि तबकडी फुकट जाई. हा दोष काढणारी युक्ती सॅन्यो कंपनीने २००० सालीच आणली होती, पण आमचे यंत्र त्याआधीचे. दोन तबकड्या अशा गेल्या. मुलांनी त्या चहाच्या पेल्याखाली वापरल्या. तिसरी वाजली, पण हव्या त्या पदावर जाता यावे म्हणून कीर्तनाचे जे तुकडे केले होते, त्या प्रत्येकाआधी प्रोग्रामने आपणहून दोन सेकंदांची शांतता घातली होती. कीर्तनकार ताण घेतात आणि मध्येच दोन सेकंद काही नाही, जणू बुवांना ठसका लागला! सबंध तबकडी एका दमात लिहिण्याची तजवीज निवडली की ही फट जाते, हे मागाहून समजले.

सर्वांत मोठी गोष्ट उरली. कॅसेट नव्वद मिनिटांची, तबकडी चौऱ्याहत्तरची. सोळा मिनिटे जास्त होत होती. दोन तबकड्या करता आल्या असत्या. पण आम्हांला वाटले, एका घरी एक तबकडी, सुटसुटीत. म्हणून बसून 'अनावश्यक' भाग काढला. कीर्तनाला हात लावला नाही, गाणीही सबंध ठेवली. काढले ते आजीचे बोलणे, कोणते गाणे आधी म्हणायचे यावरून बायकांची झालेली हुज्जत, भांड्यांचा आवाज, कोणीतरी मुलाला दटावणे, हसणे. बरोबर सोळा मिनिटे. स्वच्छ, नीटनेटकी तबकडी झाली आणि आम्हांला धन्य वाटले. एमपी३ फाइलही त्याच कापलेल्या रूपात ठेवली. ही दुसरी चूक, आणि पहिलीहून मोठी.

त्या वेळी मस्कतहून इस्रायलला काही पाठवणे सरळ नव्हते. १९९४च्या डिसेंबरात पंतप्रधान राबिन मस्कतला येऊन गेले होते आणि १९९६ साली तेथे इस्रायलची व्यापारी कचेरीही उघडली होती. पण ऑक्टोबर २०००मध्ये ती बंद झाली. म्हणून तबकड्या आम्ही रजेवर मुंबईस नेल्या. तीन अलिबाग व ठाण्यास राहिल्या, आणि पाच जाणायेणाऱ्यांच्या हाती लोद, अश्दोद, बेर शेवा व दिमोना येथे गेल्या. पत्रे आली, फोन आले. आजी १९८४ सालीच गेली होती. गाण्यांत तिचा आवाज ओळखून थोरले काका रडले म्हणून कळले.

जून २००७मध्ये गोनू वादळ ओमानवर आले. अरबी समुद्रात तोवर नोंदलेल्या वादळांत ते सर्वांत जोराचे. एरवी कोरडे पडलेले ओहोळ नद्यांसारखे वाहिले, सुमारे पन्नास माणसे दगावली. कुरममध्ये पाणी घराघरांत शिरले. आम्ही माणसे वेळीच वर गेलो, सुखरूप राहिलो. कॉम्प्युटर आणि कॅसेटींचे खोके तळमजल्यावर राहिले. पाणी ओसरल्यावर चिखलातून १९७८ची कॅसेट सापडली, पण तिची फीत धुऊनही वाजण्याजोगी राहिली नव्हती.

मग त्या आठ तबकड्यांचा शोध सुरू झाला. घरी भरलेल्या तबकडीतला रंग ऊन, उष्णता व दमट हवा यांनी फिका होतो, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. ज्यांनी प्रेमाने रोज वाजवली त्यांच्या ओरखड्यांनी भरल्या होत्या. एकीने मोटारीच्या काचेखाली उन्हाळे काढले होते. तीन सापडल्याच नाहीत. पाचांपैकी तीन मुळीच वाजेनात, एक निम्मी वाजली. शेवटची दिमोनाच्या आत्याबाईंकडे. नवरीच्या त्या मैत्रीण. सख्ख्या नव्हेत, पण आत्याच. त्यांनी ती रुमालात गुंडाळून कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. कोरड्या वाळवंटी हवेत, अंधारात, एकदाही न वाजवता. कारण त्यांच्याकडे वाजवायचे यंत्रच नव्हते!

२०१९ साली आम्ही त्यांच्या घरी बसून ती तबकडी लावली. आत्याबाईंनी डोळे मिटून सगळे ऐकले. शेवटी म्हणाल्या, "छान आहे रे. पण यात तुझी आजी कुठे आहे?"

आम्ही म्हणालो, "ही काय, गाण्यात आहे ना, आत्याबाई."

"गाणं सगळ्यांचं असतं," त्या म्हणाल्या. "ती दर गाण्याआधी सांगायची, हे तिच्या सासूनं रेवदंड्याला शिकवलं, हे पेणच्या मामींचं, याचं शेवटचं कडवं कोणी म्हणायचं आणि का. ते कुठे गेलं?"

आम्ही काय सांगणार? ते आम्हीच कापून टाकले होते. ज्याला आम्ही कचरा समजलो तीच त्या गाण्यांची वंशावळ होती. एमपी३ने कानाला न कळणारे गाळले. आम्ही तर कानाला स्पष्ट कळणारे गाळले. यंत्राचा दोष मोजूनमापून होता, आमचा अविचाराचा.

त्या दुपारी आत्याबाईंना जे जे आठवले ते आम्ही वहीत लिहून घेतले. कोणते गाणे कोणत्या घरचे, कोणत्या गावाहून आलेले, कोणते कडवे पुढे का सोडून दिले. सोळा मिनिटांतले किती परत आले देव जाणे. आजीचा आवाज तर नाहीच. तरी अकरा पाने भरली. त्यानंतर दोन वर्षांनी आत्याबाईही गेल्या.

ओमानने याबाबत शहाणपण दाखवले आहे. १९८३ साली तेथे पारंपरिक संगीताचे केंद्र स्थापन झाले. गावोगाव व वाळवंटात फिरून त्यांनी शंभराहून अधिक गीतनृत्यप्रकार मुद्रित केले, आणि नुसता आवाज न ठेवता गाणारे कोण, प्रसंग कोणता, वाद्ये कोणती याचीही नोंद ठेवली. यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही १९६४ साली स्थापन झालेला ध्वनिसंग्रह आहे. निरनिराळ्या देशांतून आलेल्या आपल्या लोकांची गाणी तेथे जपली जातात. पण कोणतीही संस्था आपल्या कपाटातली कॅसेट आपणहून येऊन नेणार नाही. ती आपणच काढावी लागते.

म्हणून विनंती एवढीच. घरी कॅसेट असेल तर ती आताच उतरवून घ्या. तबकडी असेल तर ती वाजते आहे तोवर तिची नक्कल करा, कारण नव्या कॉम्प्युटरांना तबकडीचे कवाडही राहिलेले नाही. पूर्ण आकाराची फाइल ठेवा. जागा आता स्वस्त आहे. एक प्रत आपल्या घरी, एक दुसऱ्या गावी, एक दुसऱ्या देशी असू द्या. आपला समाज तसाही तीन देशांत पांगलेला आहे, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. नक्कल झाली म्हणून मूळ वस्तू टाकू नका. ऐकताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि ते जे सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा.

आणि काही कापू नका. भांडी वाजू द्या, मूल रडू द्या, बायकांना भांडू द्या.

आमची ती एक तबकडी आम्ही पुन्हा तीन ठिकाणी उतरवून ठेवली आहे, आणि तिच्याबरोबर अकरा पानांची वहीही. आमची नातवंडे ती ऐकतात तेव्हा प्रत्येक गाण्याआधी आम्ही यंत्र थांबवतो आणि वहीतले वाचून दाखवतो. आजी जेथे बोलत असे नेमके तेथेच.